भिंतीवरची ओल: रंगारी बोलावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

दसऱ्याला भिंत ओली, दिवाळीला रंग, शिमग्याला पोपडे. आमच्या घरात हे तीन वर्षं चाललं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलच्या छताला पंख्याच्या हुकाभोवती चहा सांडल्यासारखा डाग. दर वर्षी रंगारी यायचा, पोपडे खरवडायचा, पुट्टी मारायचा आणि "आता काय होत नाय" म्हणून पैसे घेऊन जायचा. चौथ्या वर्षी सोसायटीने गच्चीला पांढरा लेप दिला. जुलैत डाग परत हजर.

शेवटी एका वयस्कर गवंड्याने गच्चीवर एक फेरी मारली. आमच्या हॉलच्या डोक्यावर तो थांबलाच नाही, सरळ बारा फूट पलीकडे कठड्याजवळ जाऊन उकिडवा बसला. तिथे कधीकाळी कुणीतरी डिश अँटेना बसवली होती. अँटेना गेली, कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थरात, ठोकलेले चार बोल्ट राहिले. लेप देणाऱ्यांनी त्या गंजक्या बोल्टांवरूनच ब्रश फिरवला होता. पाणी बोल्टाच्या कडेने कोब्याखाली उतरायचं, तिथून स्लॅबवरून सरकत यायचं आणि पंख्याच्या हुकापाशी वाट मिळाली की खाली टपकायचं. चार वर्षं आम्ही पंख्याभोवतीचं छत दुरुस्त करत होतो.

डाग दिसतो तिथे गळती असेलच असं नाही, हे तेव्हा कळलं. या लेखात रंग आणि केमिकल शेवटी येतील. आधी पाण्याचा माग काढायचा.

आधी वही करा

ओल कधी येते आणि कधी सुकते, यावरूनच अर्धं निदान होतं. कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये महिनाभर नोंद ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. आठ दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली का ते बघा. हे पोरकट वाटतं, पण गवंडी, सोसायटीची कमिटी आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी या तिघांशी बोलताना हीच रेघ कामाला येते.

ओल बारा महिने असेल, मे महिन्यातही भिंत गार लागत असेल, तर संशय पावसावर नाही, नळावर. पाण्याच्या पाइपात चोवीस तास दाब असेल तर फुटका जॉइंटही चोवीस तास पाझरतो. सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर असेल तर अर्धा तास त्याच्या काट्याकडे बघा. काटा हलतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. ओल आंघोळींच्या वेळेनंतर वाढत असेल आणि घरातली (किंवा वरच्या घरातली) माणसं गावाला गेल्यावर सुकत असेल, तर तो सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं) किंवा टाइल्समधल्या फटी. फक्त पावसात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. यातही फरक आहे. वाऱ्यासकट झोडपणारी सर आली की तासाभरात भिंत ओली होते, ती बाहेरच्या भिंतीतली चीर. पाऊस दोन दिवस लागून राहिल्यावर ओल येते आणि उघडीप पडल्यावरही टपकत राहते, ते कोब्यात साठलेलं पाणी. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि मसाला. तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि सवडीने सोडतो.

चौथा प्रकार गळतीचा नाहीच. कपाटामागे, गादीखाली, बंद खोलीच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके येतात, कुबट वास येतो, पण भिंतीतून पाणी येत नाही. तो हवेतला दमटपणा. ओळखायचा कसा? दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूने प्लास्टिकवर दव असेल तर ओलावा घरातल्या हवेचा आहे. भिंतीच्या बाजूने, म्हणजे आतून, थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. दमटपणाला वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, बाथरूमला एक्झॉस्ट पंखा लावा आणि वाळत घातलेले कपडे बेडरूममधून हलवा. बस.

गच्ची: खरा खटला इथेच

कोकणात पूर्वी मे महिन्यात घर शाकारायचे. कौलं उतरवायची, फुटकी काढायची, खालचा पालापाचोळा, उंदरांची बिळं साफ करायची आणि कौलं परत चढवायची. पावसाच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे. म्हणजे छत दर वर्षी तपासलं जायचं. स्लॅब आला आणि छताकडे दर वर्षी बघायचं असतं हेच आपण विसरलो.

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, पुण्यात १० जून. म्हणून गच्चीचं काम एप्रिल ते मेचा मध्य या काळात उरकायला हवं. वळवाचे पाऊस मध्येच येऊन काम बिघडवतात, तेही धरून चाला.

सुरुवात झाडूने. सगळी गच्ची झाडा, पाणी जाण्याच्या भोकांवरच्या जाळ्या काढून आत हात घाला. पाला, चेंडू, पक्ष्यांची घरटी, पापडाचं प्लास्टिक, एकदा तर आम्हाला चप्पल मिळाली. मग दहा-पंधरा बादल्या पाणी ओता आणि तासाभराने वर या. जिथे पाणी तुंबलंय तिथे खडूने गोल काढा. गच्चीला उतार, गवंड्यांच्या भाषेत ढाळ, साधारण शंभराला एक लागतो. म्हणजे दहा फुटांत जेमतेम सव्वा इंच. एवढाही नसेल तर पाणी बसून राहतं. दहा बाय दहा फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास २३५ लिटर. ते वर बसलं की खाली उतरायची वाट शोधतंच.

नंतर गुडघ्यावर बसून कडा बघा. गच्ची गळते ती बहुतेक वेळा मधोमध नाही, काठाला गळते. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा तिरका किंवा गोल भराव असतो, त्याला वाटा म्हणतात. उन्हाने स्लॅब तापून फुगतो, रात्री आकसतो आणि वाट्यापाशी केसासारखी चीर पडते. नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून बघा, कार्ड आत जातं का. त्यानंतर गच्चीतून आरपार किंवा अर्धवट आत गेलेली प्रत्येक वस्तू तपासा: पाइप, सोलर हीटरचे पाय, टाकीचे खांब, केबलवाल्याने मारलेली भोकं, रेलिंग. आणि बोल्ट. आमचे चार.

तरीही जागा सापडली नाही तर पाणी तुंबवून बघायचं. सगळी गच्ची एकदम भरू नका, कारण मग गळलं तरी कुठून ते कळत नाही. मातीचे किंवा कच्च्या सिमेंटचे छोटे बांध घालून चार भाग करा. ज्या भागाचं पाणी दुसऱ्यातून वाहून जातं, तो वरचा भाग शेवटी ठेवा. सुरुवात सर्वांत सखल भागापासून करा. गोणपाटात प्लास्टिक गुंडाळून पाणी जायचं भोक बंद करा, दीड-दोन इंच पाणी भरा, कडेला पेन्सिलीची खूण करा आणि दोन दिवस थांबा. खाली ओल आली नाही तर पुढचा भाग. आठ-दहा दिवस जातात, पण पूर्ण गच्ची फोडण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

एक सावधगिरी मात्र पाळाच. छताच्या खालच्या बाजूने सळया दिसत असतील, गिलाव्याच्या खपल्या पडत असतील किंवा काठीने ठोकल्यावर छत बद्द वाजत असेल, तर वर पाणी तुंबवू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. तिथे गवंडी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा. आणि पलंग त्या छताखालून आजच हलवायचा.

दुरुस्ती कोणती घ्यायची

नेमकी चीर सापडली आणि बाकी कोबा ठणठणीत असेल तर चिरेपुरतं काम करा. चीर इंग्रजी व्हीच्या आकारात खोदायची, धूळ उडवायची, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची आणि वर जाळी घालून दोन हात लेप. वाटा सुटला असेल तर तो पूर्ण काढून नवीन करायचा, वरून थापायचा नाही.

लेपाच्या बाबतीत बहुतेक फसवणूक ब्रशच्या आधीच होते. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, गच्ची दोन-तीन दिवस कडकडीत वाळवल्याशिवाय लेप धरत नाही. कामगार सकाळी पाणी मारून दुपारी लेप चढवत असतील तर काम थांबवा. दुसरा हात पहिल्याच्या आडवा द्यायचा. शिवाय हे लेप वावरासाठी नसतात. ज्या गच्चीवर खाटा टाकून झोपतात, कुरडया घालतात, पोरं क्रिकेट खेळतात, तिथे दोन वर्षांत लेपाची सालं निघतात. अशा गच्चीला कोबा आणि वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक हेच मला पटतं. खर्च जास्त, पण टिकतं आणि पांढऱ्या रंगाने वरच्या मजल्याचा उकाडाही थोडा कमी होतो. नव्या कोब्यावर निदान सात दिवस पाणी तुंबवून ठेवावं लागतं. त्यात तो पक्काही होतो आणि परीक्षाही होते. जिथे सोसायटीत पाण्याचे टँकर येतात तिथे हे पाणी कुठून आणायचं, ते काम ठरवतानाच ठरवा.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र कुणी सुचवला तर नकोच म्हणा. चार-साडेचार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भरतं. जुना न काढता नवा घातला की तेवढा बोजा स्लॅबवर कायमचा बसतो आणि मधे अडकलेलं पाणी तसंच राहतं.

कोटेशनमध्ये किती चौरस फूट, किती हात, किती जाडी आणि कोणत्या कंपनीचा माल हे लिहून घ्या. "दहा वर्षांची गॅरंटी" ही ओळ कुणीही छापतो. त्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के पैसे पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचं आधीच ठरवा. चांगला ठेकेदार कुरकुरतो, पण कबूल होतो.

पिंपळ

याला वेगळा मथळा द्यायलाच हवा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि ड्रेनेज पाइपच्या जॉइंटला, छज्जाच्या कोपऱ्यात पिंपळ उगवतो. कुणाला उपटायला नको वाटतं, कुणी वरच्या वर कापतो. कापलेला पिंपळ दुप्पट जोमाने मुळं भिंतीत घुसवतो. चार पानांचा असतानाच ओल्या पावसात मुळासकट ओढून काढा. मनाला लागत असेल तर कुंडीत किंवा मोकळ्या जागेत लावा, छान जगतो. मूळ अंगठ्याएवढं जाड झालं असेल तर गवंड्याकडून तिथला गिलावा फोडून, मूळ शेवटपर्यंत खणून, पोकळी भरून घ्यावी लागते.

गच्चीवरची बाग करणाऱ्यांनी कुंड्या थेट कोब्यावर ठेवू नयेत. खाली लोखंडी किंवा विटांचं स्टँड द्या, म्हणजे पाणी वाहतं राहतं आणि खालची चीर दिसते. मोठी पिंपं स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या बीमच्या रेषेवर ठेवा. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्याने घासा.

पावसाळी भिंत, खिडक्या, तळमजला

कोकण-मुंबईत झोडपणारा पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या अंगाची भिंत आधी बघा. बीम आणि वीटकाम जिथे मिळतं तिथे आडवी सरळ चीर असते. खिडकीचा उंबरा आतल्या बाजूला कललेला असेल तर कितीही सिलिकॉन भरा, पाणी घरातच येणार. ग्रॅनाइट काढून बाहेर उतार देऊन बसवावं लागेल. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच आहे का, ते बोट फिरवून बघा. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक बाहेर उतरतं असावं. नुसतं फोमने बुजवलेलं भोक पावसाला पुरत नाही.

तळमजल्याच्या घराची तऱ्हा निराळी. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा ओला, वर पांढरी खारट पूड. हा लोणा. पाणी जमिनीतून भिंतीत चढतं, सुकताना क्षार मागे ठेवतं आणि गिलावा पिठासारखा झडतो. लोक तिथे ऑइल पेंट मारतात किंवा टाइल्स लावतात. मग पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ते टाइल्सच्या वर, चार फुटांवर निघतं. आधी बाहेर जाऊन बघा. जोत्यावर माती चढली आहे का, भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आहे का, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का. माती जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली न्या, वाफा दोन फूट लांब सरकवा, भिंतीलगत बाहेर उतरता सिमेंटचा पट्टा करा. मग आतला सडका गिलावा काढून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. उघड्या विटांकडे बघून पाहुणे विचारतात. विचारू देत.

बाथरूम आणि वरचे शेजारी

"तुमच्या बाथरूममुळे आमचं छत गळतं" या वाक्याने मोडलेली शेजारपणं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा वरच्या घरी जाऊन सांगा, "काका, एक दिवस तुमची बाथरूम बंद ठेवू या का, कुणाचं काय ते एकदाच कळेल." नहाणी ट्रॅप कपड्याने आणि प्लास्टिकने बंद करायचा, इंचभर पाणी भरायचं, भिंतीवर खूण करायची, चोवीस तास वापर बंद. खाली ओल वाढली तर टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली तर पाणी सोडून द्यायचं आणि खाली नजर ठेवायची. आता टपकलं तर ट्रॅप किंवा पाइप. फटींतला पांढरा सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं हा स्वस्त उपाय आहे. गळती नवी असेल तर कित्येकदा त्यानेच भागतं. फोडाफोड त्यानंतर.

खर्च कुणाचा? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेज पाइपांची गळती, आणि गच्चीच्या गळतीमुळे वरच्या मजल्याच्या छताचं व गिलाव्याचं झालेलं नुकसान ही कामं संस्थेच्या खर्चात येतात. "वरचा मजला तुम्ही घेतलात, तुम्हीच बघा" असं कमिटी म्हणाली तर हे दाखवा आणि तारखेनिशी फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घरातल्या बाथरूमची गळती ज्याची त्याने करायची. १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी करावं, हेही त्याच उपविधींत आहे. घर नवं असेल तर रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यात जागे राहा.

बुरशी आणि वीज

बुरशी कोरड्या फडक्याने झाडू नका, ती खोलीभर उडते. मास्क लावून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने पुसा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्लीच वापरत असाल तर त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

ओली भिंत आणि स्विचबोर्ड एकत्र आले तर आधी मेन बंद, मग वायरमन. आमच्या पंख्याच्या हुकातून पाणी टपकत असताना आम्ही त्याच पंख्याखाली जेवत होतो, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो. मीटरच्या पेटीजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबून वीज गेली नाही, तर ती शोभेची वस्तू आहे.

आणि आता रंगारी

मुंबईतून मोसमी पाऊस परततो तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. दिवाळी बरेचदा त्यानंतर दोन-चार आठवड्यांत. पावसाळाभर पाणी प्यालेली भिंत तेवढ्यात वाळत नाही. रंगाची घाई असेल तर ज्या भिंतींना ओल नाही त्या रंगवा. ओलीची भिंत खरवडून, नुसती पांढरी ठेवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा. प्लास्टिकची चाचणी परत करा. सलग दोनदा कोरडी आली की पुट्टी.

घर विकत किंवा भाड्याने घेणार असाल तर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जा, तेही दोन दिवस पाऊस लागून राहिल्यावर. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, किंवा भर पावसात अगरबत्तीचा वास जरा जास्तच येत असला, तर मालकांना एवढंच विचारा, "ते कपाट जरा पुढे ओढू का?"